वसंतपूजेतले इंग्रजी

मुंबई, कोटातील कचेरी
चैत्र शुद्ध दशमी, शके १७३३

तीर्थस्वरूप यज्ञेश्वरमामांच्या चरणी दिगंबराचा नमस्कार. इकडे उकाडा सोडून सर्व ठीक.

तुम्ही विचारलेत, टोपीकर हसतात का, आणि हसत असले तर कशाला. हसतात. चार वर्षे त्यांच्या कचेरीत कागदांच्या नकला उतरवतो आहे, पण त्यांचे हसणे परवा पहिल्यांदा जवळून पाहिले. पेरिनसाहेबाच्या बंगल्यावर सहीसाठी कागद घेऊन गेलो होतो. दुपारचे जेवण उरकले होते आणि मेजाभोवती खेळ चालला होता. एकाने असे वाक्य म्हणायचे की त्यातले सगळे शब्द एकाच अक्षरावर घसरावेत. दुसऱ्याने तेच भरभर म्हणून दाखवायचे. जो अडखळेल त्याने शिक्षा म्हणून पेला रिकामा करायचा. ही शिक्षा चुकू नये म्हणून सगळे अगदी मनापासून अडखळत होते.

मी भिंतीशी उभा. साहेब म्हणाला, "पंडित, तू म्हण." वाक्य असे: ‘स्विफ्ट शिप्स शिफ्ट सिल्क, स्लो शिप्स शिफ्ट सॉल्ट.’ म्हणजे चपळ गलबते रेशीम वाहतात, मंद गलबते मीठ. मजा अर्थामध्ये नाही. स आणि श यांच्या पाठशिवणीत आहे. मी सरळ म्हटले, उलटे म्हटले, मग आपल्या जटापाठासारखे म्हटले: स्विफ्ट शिप्स, शिप्स स्विफ्ट, स्विफ्ट शिप्स. वेदाचे शब्द असे मागेपुढे घोकण्यात ज्याचे बालपण गेले, त्याची जीभ गलबतांनी काय बुडणार! सगळे टाळ्या पिटू लागले. एकाने पेला पुढे केला. मी हात जोडून सही मागितली आणि निघालो.

आता मुद्द्याचे. पुण्यातल्या एका सरदारांकडे इंग्रजी पत्रे वाचणारा कारकून हवा आहे. दसऱ्याला ती जागा मला देऊ, असे त्यांच्या कारभाऱ्याने कळवले आहे. अट एकच, ब्रह्मसभेने मला पंक्तीला घेतले पाहिजे. फिरंग्यांत राहिलेल्या माणसाशेजारी पान मांडायचे की नाही, ते सभा ठरवणार. आईचे गुडघे धरले आहेत, आडाचे पाणी ओढवत नाही. मला घरी यायचे आहे, मामा. त्याची तजवीज आईच करते आहे. तुम्ही त्यात काही करू नका. कृपा करून काही करू नका.

आपला,
दिगंबर

—

पुणे, कसबा पेठ
चैत्र वद्य सप्तमी

चिरंजीव दिगंबरास मामाचे आशीर्वाद. ‘काही करू नका’ हे लागोपाठ दोनदा लिहिल्याबद्दल त्यातून थोडे वजा.

अरे, मी काय करणार? मी कसब्यातला एक रिकामा गृहस्थ. सकाळी उठावे, कुणाच्या तरी पागोट्यावर चार ओळी जुळवाव्यात, दुपारपर्यंत त्या पेठभर फिरलेल्या ऐकाव्यात आणि संध्याकाळी त्या गृहस्थाने तोंड फिरवले की समाधानाने जेवावे, एवढाच माझा दिनक्रम. परवा श्रीनिवासशास्त्र्यांवर केले:

पागोटे हातभर, विद्या बोटभर,
दक्षिणा घरी नेती पाठीवर पोतेभर.

ते सभेचे पुढारी, मला ठाऊक आहे. पण पागोटे त्यांनी बांधायचे आणि मी बघायचे नाही, हा कुठला न्याय? 

तुझी गलबते मात्र फार आवडली. सकाळपासून म्हणतो आहे. शेजारचा दत्तोबा विचारत होता, दातांत काही अडकले आहे का. तुझ्या साहेबाला माझ्यातर्फे हे म्हणायला लाव: ‘जांभळीच्या जाळीत जुळी जांभळे जळाली.’ ळ वर त्याचा सगळा ताफा फुटेल. आणि हेही विचार, त्यांना यमक ठाऊक आहे का, की नुसतेच पहिल्या अक्षराला धरून बसतात?

अक्का बरी आहे, गुडघे सोडून. हल्ली तुझ्या गुरुजींच्या, गोपाळकृष्णभट घनपाठ्यांच्या, पत्नी सरुबाई सारख्या तिच्याकडे येतात. मी गेलो की दोघी गप्प होतात. लोणच्याची काहीतरी कृती असणार. बायका ती पुरुषांना सांगत नाहीत.

अजून ओळी पाठव. इथे फार कंटाळा आहे.

यज्ञेश्वर

—

मुंबई
चैत्र वद्य त्रयोदशी

तीर्थस्वरूप मामांस नमस्कार.

जांभळे पोचवली. साहेब ‘जांबलीच्या जालीत’ म्हणून थांबला आणि म्हणाला, हे अक्षर नाहीच, तुम्ही लोकांनी आम्हांला चिडवायला काढले आहे. नंतर दिवसभर कचेरीत ळ, ळ करत फिरत होता. हुजऱ्याला वाटले, घसा बसला.

यमक त्यांना ठाऊक आहे, पण ते ओळीच्या शेपटालाच गाठ मारतात. आमच्या कचेरीतला एक नमुना: ‘द क्लर्क हू कॅनॉट काउंट टू टेन, मस्ट शार्पन अदर पीपल्स पेन.’ ज्या कारकुनाला दहापर्यंत मोजता येत नाही, त्याने दुसऱ्यांची लेखणी तासत बसावे. टेन आणि पेन भेटले की त्यांचे काम झाले. आपल्यासारखी ओळीच्या पोटात घंटा वाजत नाही. खरा जीव त्यांचा अनुप्रासावर.

एक गंमत केली, ती तुमच्यापुरती ठेवा. गलबतांच्या ओळीला मी आपले वेदातले स्वर, हाताच्या खुणांसकट, लावून पाहिले. स्विफ्टला हात वर, शिप्सला खाली, सिल्कला बाजूला. हसू येते, पण बसते किती नीट! खोलीत एकटा असलो की म्हणतो आणि वाटते, गुरुजींच्या पडवीत बसलो आहे, समोर गोपाळकृष्णभट आहेत आणि आतून सरुबाई भात शिजल्याची हाक मारणार आहेत. मुंबईत इतकी माणसे आहेत, पण मी काय म्हणतो ते हाताकडे बघून कळेल असे एक नाही.

आईला सांगा, दसरा लांब नाही.

दिगंबर

—

पुणे
वैशाख शुद्ध त्रयोदशी

चिरंजीव दिगंबरा, हे पत्र बसून वाच आणि तोंडात पाणी घेऊ नकोस.

काल पेठेतल्या आप्पासाहेबांकडे वसंतपूजा होती. तुला मुंबईत विसर पडला असेल म्हणून सांगतो. वैदिकांना बोलवायचे, गंध लावायचे, गुलाबपाणी शिंपडायचे, त्यांनी पाळीपाळीने मंत्र म्हणायचे आणि मग सगळ्यांनी पन्हे आणि वाटली डाळ हाणायची. श्रीनिवासशास्त्री लोडाशी. पागोटे होते तेवढेच, कमी झालेले नाही. त्यांच्या शेजारी गोपाळकृष्णभट, पाठीचा कणा काठीसारखा ताठ. मी कोपऱ्यात, डाळीची वाट बघत.

आप्पासाहेब थट्टेने म्हणाले, "यज्ञेश्वरपंत, तुम्हीही लहानपणी भटजींकडे होतात म्हणे. पळून जाण्यापूर्वी शिकलेले काही आठवते का?"

मी म्हटले, "आठवते की." आणि पुढे येऊन, मांडी घालून, डोळे अर्धे मिटून, हात गुडघ्यावरून उचलून सुरू केले: स्विफ्ट शिप्स शिफ्ट सिल्क! तू लिहिलेस तसे, हात वर, हात खाली, हात बाजूला. आधी सरळ, मग जटा. दिगंबरा, सभा गार. श्रीनिवासशास्त्र्यांनी नेहमीप्रमाणे मत देण्याआधी डोळ्यांच्या कोपऱ्यातून गोपाळकृष्णभटांकडे पाहिले. भटजींची नजर माझ्या हातावर खिळलेली. ते मान डोलावून म्हणाले, "साधु. आपल्या शाखेचे नव्हे. एखाद्या लुप्त शाखेचे असेल. पण हात शुद्ध आहे." लगेच श्रीनिवासशास्त्री, "काशीस असताना मी हे ऐकले आहे."

काशीस ऐकले आहे! मग मी सांगितले की हे मुंबईच्या टोपीकरांचे दारू पितानाचे गाणे आहे. लोकांच्या नाकातून पन्हे आले. शास्त्रीबुवांचा चेहरा पन्ह्यातल्या कैरीसारखा. सगळे विचारू लागले, कुठे मिळाले? म्हटले, आमचा भाचा साहेबाच्या मेजावर बसून त्यांना रोज हरवतो. तू उभा होतास हे ठाऊक आहे, पण उभा माणूस गोष्टीत शोभत नाही, म्हणून बसवले.

एक गोष्ट जरा खटकली. सगळे हसत होते तेव्हा गोपाळकृष्णभट चेहऱ्यांकडे बघत होते, कशाला हसतात ते शोधत. मागून कुणीतरी म्हणाले, "भटजी, इंग्रजी होते ते!" त्यांनी वळून पाहिले नाही. पुन्हा ओरडून सांगितले, तरी नाही. मग हसणे थोडे निराळे झाले. मी डाळ न खाताच आलो. का, ते नीट सांगता येत नाही.

पण काशीस ऐकले! निदान यावर तरी हसशील ना?

यज्ञेश्वर

—

मुंबई
वैशाख वद्य षष्ठी

मामा,

गुरुजींना ऐकू येत नाही. कित्येक वर्षे येत नाही. मुंबईला निघण्याच्या आदल्या वर्षी त्यांच्यासमोर म्हणताना मला संशय आला, म्हणून मी तोंड मिटून नुसता हात हलवला. ते म्हणाले, "ठीक, पुढे." त्यानंतर मी ते कुणाला बोललो नाही. सरुबाईंना ठाऊक होते, मला होते, आईला होते. ते मुलांचे हात आणि ओठ बघून शिकवत, आणि त्यांचे विद्यार्थी पेठेत सगळ्यांत शुद्ध म्हणत. कान नसलेल्या वैदिकाकडे कुणी मुलगा पाठवणार नाही, म्हणून त्या घराने ते झाकले होते.

आई आणि सरुबाई लोणच्याचे बोलत नव्हत्या. गुरुजींनी आईला शब्द दिला होता की सभेत उभे राहून सांगीन, हा माझा विद्यार्थी, याच्या आचाराची हमी माझी. त्यांच्या शब्दापुढे श्रीनिवासशास्त्री बोलत नसत; तुम्ही स्वतःच लिहिले आहे, ते आधी त्यांच्याकडे बघतात. माझे घरी येणे त्या एका माणसावर होते. तुम्हांला सांगितले नाही, कारण तुम्हांला सांगितलेले दुपारपर्यंत पेठभर होते.

आणि मी बसलो नव्हतो. पेला पुढे केला तेव्हा हात जोडले होते. ते मी पत्रात लिहिले होते. तुम्ही तेवढेच गाळलेत.

दिगंबर

—

पुणे
ज्येष्ठ शुद्ध एकादशी

चिरंजीव दिगंबरास,

तुझ्या पत्राला मी आधी एक उत्तर लिहिले. त्यात मला काहीच ठाऊक नव्हते हे फार सुरेख पटवले होते. वाचून इतका खूश झालो की फाडून टाकले.

जे झाले ते असे. वसंतपूजेनंतर आठवडाभरात भटजींच्या पडवीतली मुले कमी होऊ लागली. एकाला ताप, एकाच्या धाकट्या भावाची मुंज, एकाला मामाच्या गावी पाठवले. मग बापांनी कारणे देणेही सोडले. आता तिथे एक मुलगा येतो, तोही गरिबाचा आहे म्हणून. श्रीनिवासशास्त्री उघड म्हणतात, ज्याला मंत्र आणि गलबत यांतला फरक ऐकू येत नाही, त्याच्या हमीला काय अर्थ? त्यांना स्वतःला दोन कान असून कळला नव्हता. पण ते आता कुणी काढत नाही. लोकांना एकाच माणसावर हसायला सोयीचे जाते. माझ्याइतके हे कुणाला ठाऊक?

परवा मी भटजींकडे गेलो. सरुबाईंनी दार उघडले, मला पाहिले आणि आत गेल्या. दार उघडे ठेवले, एवढीच मेहेरबानी. भटजी पडवीत होते. माझ्यापुढे मुलांची धूळपाटी सरकवून म्हणाले, "लिही. आता काय झाकायचे!"

मी लिहू लागलो. अजाणतेपणी घडलेल्या प्रमादाबद्दल वगैरे, पाटी भरली. त्यांनी वाचली, तळव्याने धूळ सारखी केली. "लहान लिही." मी दोन ओळी लिहिल्या. पुन्हा पुसल्या. "अजून लहान." शेवटी मी ‘चुकलो’ लिहिले. ते त्यांनी पुसले नाही.

मग ते म्हणाले, "तू पळालास तेव्हा मी तुझ्या बापाला सांगितले होते, या पोराचा हात माझ्या सगळ्या मुलांत चांगला आहे. त्या दिवशी तू पुढे येऊन बसलास. हात उचललास. मला वाटले, कुठे तरी, कुणापाशी तरी हा पुन्हा शिकला. आणि माझ्यासमोर म्हणायला आला. अनोळखी वाटले म्हणून मीच लुप्त शाखा शोधून काढली. मला फार बरे वाटले होते, यज्ञेश्वरा."

मी पाटीवर लिहिले, मुले आली तर मी तुमच्या शेजारी बसेन, तुमचे कान होईन. त्यांनी वाचले. तळवा फिरवला. "नको."

तुझ्याविषयी लिहून विचारले. म्हणाले, "आनंदीबाईंना दिलेला शब्द आहे तसाच आहे. पण तो घेणारे कोणी राहिले नाही."

अक्का मला जेवायला वाढते. वरणात मीठ नव्हते; मागायचे धैर्य झाले नाही.

यज्ञेश्वर

—

मुंबई
आषाढ शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप मामांस नमस्कार.

मागचे पत्र रागात लिहिले. राग अजून आहे, पण त्यातला निम्मा आता माझ्या वाट्याचा आहे. स्वर मी लावले होते. तुम्हांला लिहून मी पाठवले होते. ‘तुमच्यापुरती ठेवा’ असे तुम्हांला लिहिणे म्हणजे मांजरापुढे दूध ठेवून त्याला उपास सांगणे, हे मला ठाऊक नव्हते का? होते. पण कुणाला तरी दाखवावेसे वाटले. इथे ती गंमत कळणारे कोणी नव्हते आणि तिथे तुम्ही होतात.

पुण्याचे एक सावकार कामासाठी आले होते. मला नावाने ओळखत नव्हते, पण म्हणाले, "साहेबाच्या मेजावर बसणारा तो भाचा तूच का?" म्हणजे बोरघाट उतरून गोष्ट इथवर आली. त्यांनी माझ्या हातचा विडा घेतला नाही.

एक काम करा. श्रावणात सभा बसेल तेव्हा जा आणि खरे ते सांगा. मी उभा होतो, काही खाल्ले नाही, प्यायलो नाही, बसल्याचे तुम्ही मनाने घातले. एवढेच. उपमा नको, यमक नको. पूर्वी म्हटले होते, काही करू नका. आता हे करा.

दिगंबर

—

पुणे
श्रावण वद्य नवमी

चिरंजीव दिगंबरास,

केले. कसे झाले ते सांगतो.

सभा देवळाच्या मंडपात बसली. माणसे एरवीपेक्षा जास्त, कारण मी बोलणार असल्याचे पसरले होते. मी उभा राहिलो. घरी अनेकदा म्हणून पाहिले होते, एकही शब्द चमकू नये म्हणून. म्हणालो, "माझा भाचा साहेबाच्या मेजावर बसला नव्हता. भिंतीशी उभा होता. त्याने काही खाल्ले-प्यायले नाही. बसल्याचे मी बनवून सांगितले."

हसले.

दिगंबरा, सगळा मंडप हसला. मागे कुणीतरी म्हणाले, "आता पुढची ओळ ऐका." मी म्हटले, पुढची ओळ नाही. त्यावर जास्त हसले. मी पुन्हा तेच सांगितले, जरा मोठ्याने. आप्पासाहेब डोळे पुसत म्हणाले, "पंत, तुमचा चेहरा बघण्यासारखा आहे, काय सोंग वठवता!" मी म्हटले, शपथ घेतो. लोक मांड्या थोपटू लागले. मी बनवून सांगितले तेव्हा प्रत्येकाने खरे धरले होते. खरे सांगितले तर कुणी धरेना. हे मी इतकी वर्षे हौसेने कमावले आहे, तक्रार कुणाकडे करू?

श्रीनिवासशास्त्री हसले नाहीत. म्हणाले, वेदाचा हात म्लेंच्छ भाषेला लावल्याबद्दल यज्ञेश्वरपंतांनी प्रायश्चित्त घ्यावे. मी विचारले, मी घेतले तर भाच्याचे काय? त्यांनी मान हलवली. ती ‘हो’ची आहे असे मी समजलो. मला तसे समजायचे होते.

म्हणून परवा नदीकाठी बसलो. मिशी उतरवली, पंचगव्य घेतले, सांगितले ते सारे म्हटले. निम्मे कसबा बघायला. कुणीतरी माझ्यावर चार ओळी जुळवल्या होत्या. यमक कच्चे होते. सुधारून द्यावे असे एकदा मनात आले, इतका मी अजून नालायक आहे.

ओल्या धोतराने मी शास्त्र्यांकडे गेलो. "आता दिगंबराचे?" ते म्हणाले, "तो विषय वेगळा. चातुर्मास संपू द्या, मग पाहू."

चातुर्मास दसऱ्यानंतर संपतो. हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही.

गोपाळकृष्णभट सभेला आले होते. ठरल्याप्रमाणे उठून तुझ्या हमीचे बोलले, स्पष्ट, खणखणीत. तोवर लोकांची माझ्यामुळे करमणूक झाली होती आणि ते एकमेकांत बोलत होते. भटजींची नजर शास्त्र्यांवर होती, त्यांना ते कळले नाही. आपले सगळ्यांनी ऐकले अशा समजुतीने ते बसले. ती समजूत मी मोडलेली नाही.

यज्ञेश्वर

—

मुंबई
आश्विन वद्य द्वितीया

तीर्थस्वरूप मामांस नमस्कार.

दसऱ्याला सरदारांची जागा दुसऱ्याला दिली. त्याला इंग्रजी माझ्याहून कमी येते, पण तो कुणाशेजारीही जेवू शकतो. कारभाऱ्यांनी दिलगिरी कळवली. चांगला माणूस आहे.

पेरिनसाहेबाने मला कायम केले. गिरगावात एक खोली पाहिली आहे, विहीर जवळ आहे, पाणी गोड आहे. सभेने चातुर्मासानंतर काही ठरवले तरी आता काय! मी आईला पत्र लिहिले आहे. ठरवायचे ते ती ठरवील. तुम्ही तिला काही सांगू नका, हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही.

सभेत उभे राहिलात, मिशी दिलीत, हे मला कळले. माझा राग गेला आहे. त्याच्या जागी काही आलेले नाही, ते येईल तेव्हा लिहीन.

दिगंबर

—

पुणे
कार्तिक शुद्ध त्रयोदशी

चिरंजीव दिगंबरास आशीर्वाद.

अक्का काल निघाली. हे पत्र जासुदाबरोबर तिच्या आधी पोचेल म्हणून घाईने लिहितो. लोणी काळभोरच्या गेनबाची गाडी केली आहे, पनवेलपर्यंत तो सोडील. तिथून खाडीच्या होडीने तिला पलीकडे न्यायला तुला यावे लागेल. दोन दिवस आधीच जाऊन बस. ती वाट बघणार नाही, कुणालाही विचारत सुटेल.

मी तिला काही बोललो नाही. तू सांगितलेस म्हणून नव्हे. ती बोलू देत नव्हती. तुझे पत्र आले तेव्हा तिने ते माझ्याकडून वाचून घेतले, पुन्हा वाचायला लावले आणि देवघरात जाऊन बसली. बाहेर आली ती देव ताम्हनात घेऊनच. म्हणाली, "एवढे मला नेता येतील. बाकीचे तुला ठेव." पेठेतल्या बायका येऊन समजावून गेल्या. खाडी ओलांडायची, टोपीकरांच्या गावात राहायचे, तुमच्या सोवळ्याचे काय होईल? ती म्हणाली, "माझा मुलगा ज्या पंक्तीत नाही, त्या पंक्तीत मी तरी कशाला?" आणि पातेली बांधू लागली. आयुष्यभर एकादशी न मोडलेली बाई. माझ्याकडे बघूनसुद्धा हे बोलली नाही, नाहीतर मला वाटले असते, टोमणा आहे. टोमणा असता तर बरे झाले असते.

निघताना सरुबाई आल्या. दोघी दाराआड रडल्या असाव्यात, ऐकू आले नाही. भटजी त्यांच्या पडवीत उभे होते. गाडी समोरून गेली तेव्हा अक्काने हात जोडले आणि त्यांनी मान लववली. ती एकदम म्हणाली, "त्यांनी शब्द पाळला हो." मी गाडीमागे चालत होतो.

चिंचवडापर्यंत चाललो. सबंध वाट तिने मागे पाहिले नाही, पण मी आहे हे तिला ठाऊक होते, कारण खड्डा आला की गेनबाला म्हणे, "सावकाश, मागे माणूस आहे." चिंचवडास गाडी थांबवून मला जवळ बोलावले. म्हणाली, "यज्ञा, आता परत फीर. घरी चूल पेटव. दूध दत्तोबाकडून घे, मागच्या गल्लीतला पाणी घालतो." मी मान हलवली. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "तुझ्यावर मी रागावले नाही. मी फक्त चालले." गेनबाने बैलांना हाकले.

तिला आता बसून उठताना आधार लागतो, पण दिलेला हात ती धरत नाही. जवळ नुसते उभे राहावे, म्हणजे ती आपण होऊन खांद्यावर हात टेकते. भात मऊ लागतो. समुद्राची तिला भीती आहे. ती तसे म्हणणार नाही, ‘वारा फार आहे’ म्हणेल. तेव्हा तिला आत ने.

परत येताना संध्याकाळ झाली. पेठेच्या तोंडाशी चारदोन मंडळी बसली होती, मला पाहून सरसावली. आप्पासाहेबांनी विचारले, "काय पंत, आनंदीबाई कुठे निघाल्या एवढे सामान घेऊन?"

म्हटले, "मुलाकडे."

ते पुढच्या ओळीची वाट बघत थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी घरी आलो.

तुझा मामा,
यज्ञेश्वर